प्री-मेडचा पहिला गणित विषय: प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस की संख्याशास्त्र?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या विद्यार्थिनीने पुण्यात पीसीबी गट घेऊन बारावी केली, म्हणजे दहावीनंतर तिचा गणिताशी संबंध सुटला. ग्रीन कार्ड मिळाल्यावर कुटुंब न्यू जर्सीत आले आणि येत्या ऑगस्टच्या अखेरीस तिचे एका राज्य विद्यापीठात जीवशास्त्राचे शिक्षण सुरू होईल. त्यानंतर तिला वैद्यकीय महाविद्यालयात जायचे आहे. विद्यापीठाने घेतलेल्या अलेक्स या गणिताच्या चाचणीत तिला १०० पैकी ५८ गुण पडले. विद्यापीठाचे सल्लागार सांगतात की प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या तयारीचा विषय, घ्या. इंजिनीअर असलेले काका सांगतात की ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) प्रीकॅल्क्युलस दिसले तर प्रवेश समिती अर्ज बाजूला ठेवेल, तेव्हा थेट कॅल्क्युलसच घे. दोन वर्षे पुढे असलेली एक मैत्रीण सांगते की दोन्ही नको, संख्याशास्त्र घे, ‘ए’ पदरात पाडून घे आणि गणितातून मोकळी हो. या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तिने विचारले आहे.

मी बावीस वर्षे अमेरिकेतील एका सार्वजनिक विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवतो आणि त्यांपैकी बारा वर्षे वैद्यकीय प्रवेशासाठी शिफारसपत्र देणाऱ्या समितीवर बसलो आहे. तुमचा प्रश्न मला दर उन्हाळ्यात निरनिराळ्या रूपांत भेटतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ‘वैद्यकीय महाविद्यालयांना कोणते गणित आवडते’ हे असते. माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. पहिल्या सत्रात रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शेजारी असताना कोणत्या गणिताच्या वर्गात तुमचे पाय जमिनीवर टिकतील, आणि तो वर्ग पुढच्या विषयांची वाट अडवणार की उघडणार, हे आधी ठरवायला हवे.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांचा ज्या एका गोष्टीवर हमखास गोंधळ होतो ती आधी सांगतो. इथे प्री-मेड, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची पूर्वतयारी, या नावाची पदवी बहुतेक ठिकाणी नसते. वैद्यकीय महाविद्यालय चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होते. पदवी कोणत्याही विषयाची चालते, फक्त काही ठरावीक विषय त्या काळात पूर्ण करावे लागतात. नीटसारखी एकच परीक्षा आणि एकच गुणवत्ता यादी असा प्रकार नसल्यामुळे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाची मागणी थोडी वेगळी असते. गणिताच्या बाबतीत हा फरक विशेष मोठा आहे. काही महाविद्यालये गणिताचे नावच घेत नाहीत, काही ‘शिफारस’ एवढेच म्हणतात, काही एक वर्षाचे गणित मागतात आणि त्यात कॅल्क्युलस किंवा संख्याशास्त्र कोणतेही चालवून घेतात. टेक्सासमधील अनेक सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालये संख्याशास्त्राचा एक विषय मागतात, कॅल्क्युलस मागत नाहीत. उलट टोकाला हार्वर्ड आणि एमआयटी यांचा आरोग्यविज्ञान व तंत्रज्ञानाचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, जिथे येणाऱ्याकडून पहिल्या कॅल्क्युलसच्या बऱ्याच पुढच्या गणिताची अपेक्षा ठेवली जाते. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही संस्था सर्व महाविद्यालयांच्या अटींची एमएसएआर ही ऑनलाइन सूची चालवते. तुमच्या राज्यातील महाविद्यालये आणि मनात असलेली आणखी आठ-दहा नावे तिथे तपासलीत तर काकांच्या भीतीला किती आधार आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

एकाच प्रकारच्या गणिताचा हट्ट कमी होत गेला त्याला कारण आहे. २००९ साली याच संस्थेने हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटबरोबर भावी डॉक्टरांच्या विज्ञानशिक्षणावर एक अहवाल काढला. अमुक विषयांची यादी मागण्याऐवजी विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे ते पाहावे, असा त्याचा रोख होता. पुढे २०१५ मध्ये एमकॅट ही प्रवेशपरीक्षा नव्या रूपात आली. तिच्या विज्ञानाच्या तीन विभागांत प्रत्येकी ५९ प्रश्न आणि ९५ मिनिटे असतात. त्यांत कॅल्क्युलस कुठेही लागत नाही. प्रमाण, घातांक, लघुगणक, थोडी त्रिकोणमिती, आलेखाचे वाचन आणि संख्याशास्त्रीय निष्कर्ष मात्र सतत लागतात, आणि कॅल्क्युलेटर वापरता येत नाही. महाराष्ट्र बोर्डाच्या विद्यार्थ्याला हे शेवटचे कलम जड वाटू नये. तुम्ही बारावीच्या रसायनशास्त्रात लघुगणकाची सारणी उघडून लॉग-अँटिलॉग काढले आहेत. इथली मुले ते ऐकून चकित होतात.

पण सारणीतून लॉग काढता येणे वेगळे आणि लघुगणक समजणे वेगळे. याच ठिकाणी पीसीबीच्या विद्यार्थ्याची खरी उणीव दडलेली असते, म्हणून इथे थोडा थांबतो. रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.१ झाला, असे मी वर्गात सांगतो आणि विचारतो की हायड्रोजन आयनांचे प्रमाण किती बदलले. बरेच जण म्हणतात, थोडेसेच, ०.३ ने. वस्तुतः २ चा १० या आधाराचा लघुगणक सुमारे ०.३ असल्यामुळे ते प्रमाण दुप्पट झालेले असते, साधारण ४० नॅनोमोल प्रति लिटर असलेले ८० वर गेलेले असते, आणि असा रुग्ण अतिदक्षता विभागातला असतो. हे उत्तर सारणी न उघडता, कागद न घेता देता येणे म्हणजे लघुगणक समजणे. हे कौशल्य प्रीकॅल्क्युलसमध्ये येते, कॅल्क्युलसमध्ये ते गृहीत धरलेले असते, आणि प्रास्ताविक संख्याशास्त्रात त्याची फारशी गरजच पडत नाही. तिन्ही सल्ल्यांमधला फरक मला या एका उदाहरणात दिसतो.

आता काकांचा सल्ला. कॅल्क्युलसमध्ये मागे पडणारे विद्यार्थी मी शेकड्यांनी पाहिले आहेत आणि त्यांच्यापैकी फार थोडे कॅल्क्युलसमुळे मागे पडतात. विकलनाची (डेरिव्हेटिव्हची) कल्पना बहुतेकांना पंधरा दिवसांत कळते. ते अडखळतात बीजगणितात. १/x चे विकलन व्याख्येवरून काढायला सांगितले की १/(x+h) मधून १/x वजा करायचे असतात, आणि दर वर्षी वर्गातले काहीजण त्याचे उत्तर १/h असे लिहितात. हे विद्यार्थी हुशार असतात, जीवशास्त्रात पहिले येतात, परंतु अपूर्णांकांची वजाबाकी अक्षरांत करण्याची सवय दोन वर्षांत मोडलेली असते. अशा विद्यार्थ्याला कॅल्क्युलसच्या वर्गात दोन आघाड्यांवर लढावे लागते, नवी कल्पना आणि विसरलेले बीजगणित, आणि त्याच आठवड्यात रसायनशास्त्राच्या प्रयोगाची वही द्यायची असते. काकांच्या काळात इंजिनीअरिंगला जाणाऱ्याने अकरावी-बारावीत दोन वर्षे रोज गणित केलेले असे; त्यांना कॅल्क्युलस सोपे गेले, याचे श्रेय त्या दोन वर्षांना आहे.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती विसरू नका. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात गणितीय पद्धतींचे एक प्रकरण आहे, त्यात सदिश आणि कॅल्क्युलसची तोंडओळख आहे. म्हणजे विकलनाचे चिन्ह पाहून तुम्ही बिचकणार नाही. तेवढ्यावर सत्र काढता येईल असे मात्र मी म्हणणार नाही.

ट्रान्सक्रिप्टवर प्रीकॅल्क्युलस दिसण्याची जी भीती आहे तिच्यात थोडे तथ्य आणि बरीच अतिशयोक्ती आहे. तथ्य एवढेच की जी महाविद्यालये गणिताची अट घालतात त्यांच्यापैकी अनेकांकडे प्रीकॅल्क्युलसने ती अट पूर्ण होत नाही. पुढे कॅल्क्युलस किंवा संख्याशास्त्र घ्यावेच लागते. अतिशयोक्ती अशी की प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली म्हणून अर्ज नाकारला गेल्याचे समितीवरच्या बारा वर्षांत मला एकदाही आढळले नाही. समितीत आम्ही जी चर्चा करतो ती पहिल्या वर्षातल्या ‘सी’ बद्दल, मधेच सोडलेल्या विषयांच्या रांगेबद्दल, आणि दुसऱ्या वर्षी वर चढलेल्या किंवा खाली घसरलेल्या गुणांबद्दल असते.

गुणांचा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहिला की निर्णय सोपा होतो. बहुतेक एमडी (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) महाविद्यालयांचे अर्ज ज्या केंद्रीय व्यवस्थेतून जातात, त्या ॲमकासमध्ये जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चार विषयांची वेगळी सरासरी काढली जाते. संख्याशास्त्र गणितातच धरले जाते; वर्गीकरण विभागाचे नाव पाहून न होता विषयाचा आशय पाहून होते. समजा अर्ज करेपर्यंत या चार विषयांचे मिळून ६० क्रेडिट (विषयाच्या वजनाचे एकक) झाले आणि चार क्रेडिटचे एक गणित सोडून सगळीकडे ‘ए’ आहे (‘ए’ म्हणजे ४, ‘बी प्लस’ ३.३, ‘सी’ २). त्या गणितात ‘बी प्लस’ असेल तर सरासरी ४ ऐवजी ३.९५ होते. ‘सी’ असेल तर ३.८७ होते. आता तो विषय पुन्हा घेऊन ‘ए’ मिळवला असे धरू. ॲमकास दोन्ही वेळचे गुण मोजते, जुना गुण पुसत नाही, त्यामुळे एवढे सगळे करून सरासरी ३.८७ ची जेमतेम ३.८८ होते. विद्यापीठाच्या स्वतःच्या हिशेबात जुना गुण पुसला जात असेलही, पण अर्जात तो परत उभा राहतो. एक ‘सी’ म्हणजे सर्वनाश नाही, हे या आकड्यांवरून दिसते. पण पुन्हा घेऊन दुरुस्ती करू, या आशेवर आज धोका पत्करण्यात अर्थ नाही, हेही त्याच आकड्यांवरून दिसते.

यापुढे जो मुद्दा मांडणार आहे तो तिघांपैकी कोणीही मांडलेला दिसत नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गणिताचा पहिला विषय रसायनशास्त्राच्या दारावर पहारेकरी म्हणून बसलेला असतो. पुष्कळ विद्यापीठांत सामान्य रसायनशास्त्राच्या पहिल्या भागाला गणिताची अट असते, म्हणजे ठरावीक चाचणीगुण हवे किंवा अमुक पातळीचे गणित आधी अथवा सोबत घेतलेले हवे. आता पुढची साखळी पाहा. सामान्य रसायनशास्त्राची दोन सत्रे झाल्याशिवाय सेंद्रिय रसायनशास्त्र मिळत नाही, त्याची निदान एक-दोन सत्रे झाल्याशिवाय जीवरसायनशास्त्र मिळत नाही, आणि जीवरसायनशास्त्र न करता एमकॅटला बसणे शहाणपणाचे नाही. पदवी संपताच त्याच वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात जायचे असेल तर एमकॅट तिसऱ्या वर्षाच्या वसंत सत्रापर्यंत द्यावी लागते आणि त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला अर्ज करावा लागतो. म्हणजे गणितामुळे रसायनशास्त्र एका सत्राने ढकलले गेले तर बहुतेक ठिकाणी ते एक वर्षाने ढकलल्यासारखे होते, कारण पहिला भाग शरदात आणि दुसरा वसंतात ही रचना ठरलेली असते. काही विद्यापीठांत हे विषय प्रत्येक सत्रात आणि उन्हाळ्यातही असतात, तिथे ही अडचण सौम्य होते. म्हणून सल्लागारांना विचारायचा पहिला प्रश्न हा: ‘प्रीकॅल्क्युलस सोबत घेत असताना मला येत्या शरदात सामान्य रसायनशास्त्र घेता येईल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर तुमच्या चिंतेचा अर्धा भार तिथेच उतरला.

उत्तर ‘नाही’ असेल तर चाचणी पुन्हा देण्याचा विचार करावा. अलेक्समध्ये पहिल्या चाचणीनंतर सरावाचा विभाग खुला होतो, तो तुमच्या चुका पाहून नेमके तेच धडे पुढे ठेवतो, आणि ठरावीक तास सराव केल्यावर बहुतेक विद्यापीठे पुन्हा बसू देतात. कॅल्क्युलसच्या वर्गाची मर्यादा अनेक ठिकाणी ७५ ते ८० च्या आसपास असते, तुमच्या विद्यापीठाचा आकडा त्यांच्या संकेतस्थळावर मिळेल. दोन वर्षे गणित न करता मिळालेले ५८ हे वाईट गुण नाहीत. गंज काढला की हा आकडा वर जाण्यासारखा आहे. मात्र एक पथ्य पाळा. घरी बसून दिलेल्या चाचणीत भावाची किंवा फोनची मदत घेऊ नका. दुसऱ्याच्या मदतीने ८२ गुण मिळवून माझ्या वर्गात आलेला एक विद्यार्थी मला आठवतो. ऑक्टोबरच्या पहिल्या चाचणीपर्यंत त्याला स्वतःलाच कळले होते की हे ८२ आपले नाहीत, आणि तोपर्यंत प्रीकॅल्क्युलसच्या वर्गात जाण्याची मुदत उलटून गेली होती.

अलेक्सच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा कागद-पेन्सिल घेऊन एक तास स्वतःची परीक्षा घ्या, असे मी प्रत्येकाला सांगतो. f(x) = x² + १ असेल तर f(x+h) वजा f(x) किती, हे सोडवा; उत्तर २xh + h² यायला हवे. १/f = १/u + १/v यातून v वेगळे काढा. ५π/६ रेडियन या कोनाचा साइन ½ का आहे ते आकृती काढून सांगा. दर सहा तासांनी निम्मे होणारे औषध तीस तासांनी किती उरेल ते सांगा. पाच वेळा निम्मे झाल्यावर १/३२, म्हणजे सुमारे तीन टक्के उरते, आणि डॉक्टर मंडळी चार-पाच अर्धायुष्यांनंतर औषध शरीरातून गेले असे धरतात ते याच हिशेबाने. हे चारही प्रश्न न अडखळता सुटले तर काकांचा सल्ला विचारात घ्या. दोन सुटले आणि उरलेल्या दोन प्रश्नांनी घाम काढला तर प्रीकॅल्क्युलस तुमच्यासाठीच आहे. माझा अंदाज असा की तिसऱ्या प्रश्नावर तुम्ही थांबाल, कारण दहावीची त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणापुरती असते आणि रेडियन ही गोष्ट गणित घेणाऱ्यांना अकरावीत भेटते.

मैत्रिणीच्या सल्ल्याकडे मी मुद्दाम उशिरा वळलो, कारण तो दिसतो तितका उथळ नाही. डॉक्टरला आयुष्यभर जे गणित लागते ते बव्हंशी संख्याशास्त्रच असते. वर्गात मी हे उदाहरण देतो. एखादा आजार हजारात दहा जणांना आहे. चाचणी अशी की आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना ती बरोबर पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तुम्हाला तो आजार असण्याची शक्यता किती? वर्ग एकमुखाने म्हणतो, ९० टक्के. मोजून पाहू. हजारांतल्या दहा आजाऱ्यांपैकी नऊ पॉझिटिव्ह येतात. ९९० निरोगी लोकांपैकी ९९ जणही पॉझिटिव्ह येतात. एकूण १०८ पॉझिटिव्हपैकी खरे आजारी नऊ, म्हणजे आठ टक्क्यांच्या थोडेसे वर. रुग्णासमोर बसून हे समजावून सांगता न येणारा डॉक्टर त्याला विनाकारण घाबरवतो. वैद्यकीय शिक्षणातल्या परवान्याच्या पहिल्या परीक्षेतही या प्रकारचे प्रश्न असतात. ती परीक्षा जानेवारी २०२२ पासून उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाली, तरी हा भाग गेलेला नाही.

म्हणून संख्याशास्त्र तुम्ही घ्यावेच, पण मोकळे होण्यासाठी आणि पहिल्याच सत्रात नव्हे. त्याला दोन कारणे आहेत. जीवशास्त्राच्या पदवीला बहुतेक विद्यापीठांत कॅल्क्युलसचे निदान एक सत्र लागते, तेव्हा संख्याशास्त्र आधी घेतले तरी कॅल्क्युलस टळत नाही, फक्त पुढे जाते आणि दहावीचे बीजगणित आणखी गंजते. दुसरे असे की प्रयोगशाळेत स्वतः मोजमापे घेतल्यावर, एकाच द्रावणाची तीन मापे तीन वेगळी का आली हे कोडे पडल्यावर, संख्याशास्त्र ज्या गोडीने शिकता येते ती पहिल्या सत्रात येत नाही. मानसशास्त्र किंवा इतिहास घेऊन प्री-मेड करणारी विद्यार्थिनी असती, जिच्या पदवीला कॅल्क्युलस लागतच नाही, तर मी कदाचित तिच्या मैत्रिणीचीच बाजू घेतली असती.

कॅल्क्युलस घ्याल तेव्हा कोणते, हाही एक प्रश्न आहे आणि त्यात अनेकजण फसतात. मोठ्या विद्यापीठांत कॅल्क्युलसच्या दोन-तीन वाटा असतात: इंजिनीअर आणि भौतिकशास्त्रज्ञांसाठी एक, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक, कधी व्यापाराच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तर जीवशास्त्र विभागानेच स्वतःचा गणिताचा अभ्यासक्रम उभा केला आहे, ज्यात सुरुवातीपासून प्राण्यांची संख्या कशी वाढते आणि घटते यासारखी प्रतिमाने येतात. जीवशास्त्रासाठीची वाट तुमच्यासाठी योग्य वाटते. त्यात त्रिकोणमितीचे ओझे सहसा कमी असते आणि वाढ, क्षय, औषधाचे रक्तातील प्रमाण अशी उदाहरणे जास्त असतात. पण त्या वाटेवरून दुसऱ्या कॅल्क्युलसकडे जाता येते की नाही, हे आधी विचारा. वर्षभराने मन बदलून बायोमेडिकल इंजिनीअरिंग किंवा रसायनशास्त्र घ्यावेसे वाटले तर काही ठिकाणी पहिला कॅल्क्युलस पुन्हा मुळापासून करावा लागतो. अठराव्या वर्षी मन बदलते, त्यात काही गैर नाही. माझ्याकडे प्री-मेड म्हणून आलेल्या कितीतरी मुली-मुलांनी पुढे साथरोगशास्त्र किंवा जैवसंख्याशास्त्र निवडले आणि ती आज समाधानात आहेत. व्यापाराच्या विद्यार्थ्यांसाठीचा कॅल्क्युलस मात्र सोपा म्हणून घेऊ नका, तो जीवशास्त्राच्या पदवीत धरला जाईलच असे नाही.

ज्यांनी इथल्या हायस्कूलमध्ये एपी (शाळेतच शिकवला जाणारा महाविद्यालयीन पातळीचा विषय) कॅल्क्युलस केले आहे अशांचे भाऊबंद हे वाचत असतील, म्हणून त्यांच्यासाठी दोनच वाक्ये. एपीच्या गुणांवर विद्यापीठाने दिलेले क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर उमटले असेल तर बरीच वैद्यकीय महाविद्यालये ते मानतात, काही मानत नाहीत आणि काही त्याच विषयात वरच्या पातळीचा एखादा वर्ग मागतात. अशा वेळी संख्याशास्त्राचा विद्यापीठातला एक चांगला वर्ग घेतला की बहुतेक ठिकाणचा प्रश्न मिटतो.

तुमच्यासाठी मी जो क्रम सुचवेन तो असा. पहिल्या शरदात प्रीकॅल्क्युलस, सामान्य रसायनशास्त्राचा पहिला भाग, जीवशास्त्राचा पहिला भाग आणि लेखनाचा सक्तीचा वर्ग. वसंतात जीवशास्त्रासाठीचे कॅल्क्युलस आणि रसायन-जीवशास्त्राचे पुढचे भाग. दुसऱ्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्राच्या सोबत संख्याशास्त्र. तिसऱ्या वर्षी भौतिकशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. बीजगणितावर आधारलेले भौतिकशास्त्र बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांना चालते, त्यासाठी कॅल्क्युलसची घाई नको. प्रीकॅल्क्युलस उन्हाळ्यातच उरकून घ्यावे का, असा मोह होईल. चौदा-पंधरा आठवड्यांचा विषय सहा आठवड्यांत शिकणे दोन वर्षांच्या खंडानंतर मला फारसे पसंत नाही. त्यापेक्षा ते सहा आठवडे रोज एक तास अलेक्सच्या सरावाला द्या, मर्यादेपर्यंत पोहोचलात आणि वरचे चारही प्रश्न हातात आले तर शरदातच कॅल्क्युलस घ्या, नाही पोहोचलात तर प्रीकॅल्क्युलसमध्ये निदान पहिल्या बाकावर बसाल. पदवी आणि वैद्यकीय प्रवेश यांच्यात एक वर्ष काम करण्याची तुमची तयारी असेल तर या वेळापत्रकातला सगळा ताण सैल होतो, आणि आजकाल असे वर्ष घेणारे विद्यार्थी सर्रास दिसतात.

प्रीकॅल्क्युलस घेतलेत तर त्याला हलके समजू नका, ही विनंती. तिथे ‘ए’ मिळणे अपेक्षित धरले जाते, आणि पीसीबीच्या मुलांना सुरुवातीचे तीन आठवडे ओळखीचे वाटून ती सैलावतात. मग घातांकीय आणि लघुगणकीय फले (फंक्शन्स) येतात, आलेख उजवीकडे सरकला की कंसात वजाबाकी का लिहायची हे कळेनासे होते, आणि तोवर पहिली चाचणी दारात उभी असते. प्राध्यापकांच्या भेटीच्या तासाला पहिल्या आठवड्यापासून जा. आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत जाणे म्हणजे काहीतरी चुकले असे मानण्याची रीत आहे, मी स्वतः कोल्हापुरात शिकताना तीन वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. इथे न जाणाऱ्याचीच अडचण होते, कारण पुढे शिफारसपत्र लिहिताना लिहिणाऱ्याला तुमचा चेहरा तरी आठवायला हवा.

शेवटी तारखांबद्दल. सत्र सुरू होताच दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: वर्ग बदलण्याची शेवटची तारीख, जी सहसा पहिल्या एक-दोन आठवड्यांत येते, आणि ‘डब्ल्यू’ (विषय मधेच सोडल्याची नोंद) घेऊन विषय सोडण्याची शेवटची तारीख, जी त्याच्या बरीच नंतर येते. कॅल्क्युलस घेतलेत आणि पहिल्या दहा दिवसांत पाटी कोरी वाटली तर पहिल्या तारखेच्या आत प्रीकॅल्क्युलसमध्ये उतरा, त्याची ट्रान्सक्रिप्टवर खूणही राहत नाही. ती तारीख हुकली आणि पहिल्या चाचणीत पन्नासच्या खाली गुण आले तर दुसऱ्या तारखेआधी प्राध्यापकांकडे जाऊन ‘माझी या वर्गात बी पर्यंत मजल जाईल का’ असे स्पष्ट विचारा. एका ‘डब्ल्यू’कडे कोणी वळून पाहत नाही आणि तो सरासरीत मोजलाही जात नाही. मात्र विषय सोडण्यापूर्वी सल्लागारांना एकदा भेटा, कारण गणित सोडले तर त्याच्या अटीवर मिळालेले रसायनशास्त्र टिकते की तेही सोडावे लागते, हे प्रत्येक विद्यापीठात वेगळे असते.